शिवलेला खिसा

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
कॉट बेसिसवर राहणाऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही.
नव्या पेठेत, तिसऱ्या मजल्यावर,
माझे पाय रात्री पत्र्याच्या ट्रंकेवर असतात
आणि ट्रंकेत
आत्यानं भिशी उचलून दिलेले सात हजार.
म्हणजे होते.
आज अकरा तारीख. आहेत तीन हजार आठशे चाळीस.

हिशोब मी वहीच्या शेवटच्या पानापासून लिहितो.
पुढून मुलाखतीची उत्तरं सरकत येतायत,
कुठंतरी मध्ये दोघांची गाठ पडेल.
"स्वतःबद्दल सांगा" नऊ पानं झालंय.
मागून: मेस, एक वेळची. झेरॉक्स. पुन्हा झेरॉक्स.
दाढीचं पातं, मोडून अर्धं समाधानला.
काळे मोजे, एक जोड, पुढं कंसात "गरज".
वडापावपुढं काही लिहिलेलं नाही.

खराडीची एक मुलाखत मला
एकशे बारा रुपयांना पडते.
बसचा पास, इस्त्री, आणि गेटबाहेरचा चहा,
जो मी फार लवकर पोचतो म्हणून घ्यावा लागतो.
शिल्लक भागिले एकशे बारा,
हा भागाकार मी रात्री करत नाही.

बुधवारी जुन्या बाजारात गेलो.
नळाच्या तोट्या, घड्याळांचे सांगाडे, एकेकटे बूट,
आणि एका खाटेवर ब्लेझरांचा ढीग,
उन्हात तापलेला, डांबरगोळ्यांच्या वासाचा.
बाई म्हणाली, साडेचारशे.
मी शंभर म्हणालो आणि मलाच लाज वाटली.
"नोकरीला पाहिजे का?"
हो म्हणालो.
"मग काळा नको घेऊ, वाढप्यासारखा दिसशील,"
म्हणत तिनंच एक निळा ओढून काढला,
कॉलर झटकली,
दोनशे साठला दिला.

शकीलभाईंनी बाह्या वर घेतल्या,
खांद्याला हात लावला नाही.
खांद्याचं काम मोठं, म्हणाले, तेवढ्यात दुसरा येईल.
मग कात्रीचं टोक खिशापाशी नेऊन थांबले.
खिसे शिवलेलेच होते,
कारखान्यातून येतात तसे, कच्च्या पांढऱ्या टाक्यांनी.
"उघडू?"

म्हणजे आधीच्या मालकानंही
यात कधी हात घातला नव्हता.
एखाद्या लग्नात घातला असेल, फोटोपुरता,
किंवा माझ्यासारखाच
कुठल्यातरी लॉबीत गुडघ्यांवर हात ठेवून बसला असेल
आणि परतला असेल.
राहू द्या, मी म्हणालो.
खिसा उघडा असला की काहीतरी ठेवावंसं वाटतं,
आणि ठेवलेलं खर्च होतं.
ते हसले. नव्वद घेतले.

शुक्रवार. खराडी. सातवा मजला.
एसी असा की ब्लेझर पहिल्यांदाच बरा वाटला.
ताम्हाणे मॅडमनी स्वतःबद्दल विचारलं.
नऊ पानांतली चार वाक्यं आठवली,
पाचवं भलतंच निघालं,
आत्याचं, भिशीचं,
सात हजार किती दिवस नि कसे पुरवतोय त्याचं.
त्यांनी पेन खाली ठेवलं.
"जाहिरात सेल्सची होती. अकाउंट्सला बसाल?"
हो म्हणायला मी किती वेळ घेतला, माहीत नाही.
"कळवू," म्हणाल्या, आणि कार्ड दिलं.

ते ठेवायला हात खिशाकडं गेला
आणि कापडावरून घसरला.
दोनदा.
त्यांनी पाहिलं असावं.
मग लिफ्ट, गेट, रस्ता, बसचा दांडा,
थेट मनपापर्यंत
ते कार्ड मी हातातच आणलं,
कोपरे घामानं मऊ झाले.

रात्री समाधान झोपल्यावर
नेलकटरच्या बारक्या पात्यानं
डाव्या खिशाचे चार टाके काढले.
चारच. कार्ड जाईल एवढे.
मग वही मागून उघडली:
बस, इस्त्री, चहा.
नेलकटर समाधानचा.
उजवा खिसा अजून शिवलेला.